गोव्यात राहून नवीन वर्षाची सुरुवात शांतपणे, आत्मचिंतनाने कशी करावी? ३१ डिसेंबरला तर नुसता गोंगाट असतो.

किनारपट्टी सोडा, एवढंच पहिलं उत्तर. त्या रात्री लवकर झोपा आणि १ जानेवारीला पहाटे तांबडी सुर्ल्याला निघा. कदंबांच्या काळातलं हे काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख आहे, शेजारून ओहोळ वाहतो, भोवती अभयारण्याचं रान. तिथे तासभर नुसतं बसायचं. मोबाइल गाडीतच ठेवा, नाहीतर फोटो काढण्यातच तास जाईल (माझा गेलाय). एवढं लांब जमत नसेल तर नार्व्याचं सप्तकोटेश्वर. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पाडलेलं पुन्हा उभं राहतं, हे तिथे कुणी सांगावं लागत नाही.

पण खरं सांगू? मला जानेवारीपेक्षा संवसार पाडवो, म्हणजे आपला गुढीपाडवा, जवळचा वाटतो. आमच्याकडे आजी सकाळी उपाशीपोटी कडुनिंबाची कोवळी पानं गुळाबरोबर हातावर ठेवायची. तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "आधी कडू गिळ, मग पुरणपोळी." मग पंचांगातलं वर्षफळ ऐकायचं.

मी त्या दिवशी एकच गोष्ट करतो: सरत्या वर्षात ज्याच्याशी अबोला धरला, त्याला फोन. गेल्या पाडव्याला चुलतभावाला केला होता. जमिनीच्या वाटणीवरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. दोन मिनिटं आम्ही फक्त आंब्याच्या मोहराबद्दल बोललो.