बाइंडरला मराठीत काय लिहायचं, बंधक की गोंद?

वास्कोच्या एका वाचकाने विचारलंय, हलक्या प्रतीच्या कोळशापासून कोकसाठी, म्हणजे लोखंडाच्या भट्टीत लागणाऱ्या कडक इंधनासाठी, बाइंडर (कोळशाचे कण एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) बनवतात त्यावर तो मराठीत टिपण लिहितोय, तर बाइंडरला ‘बंधक’ म्हणावं की ‘गोंद’.

गोंद तर नकोच. गोंद पाण्यात विरघळतो नि वाळला की चिकटतो, इथे तसलं काहीच घडत नाही. मुरगाव बंदरात जो कोकिंग कोळसा उतरतो ना, तो हवा न लागू देता तापवला की साधारण ३५० ते ५०० अंशांच्या दरम्यान मऊ पडतो, कण एकमेकांत मिसळतात, मग सगळं घट्ट होतं आणि हजारेक अंशांपर्यंत नेलं की कोक. लिग्नाइटसारखा हलक्या प्रतीचा कोळसा मऊच पडत नाही, भुगा तो भुगाच राहतो. म्हणून मग तो डांबरातून निघणाऱ्या जड तेलात कालवतात, दाबाखाली चारशे अंशांच्या आसपास तापवतात, विरघळेल तेवढं विरघळतं, राख आणि गाळ गाळून काढायचा, तेल उडवून परत मिळवायचं, मागे राहतो तो काळा, तापला की वितळणारा पदार्थ, हाच बाइंडर. जपानात कोबे स्टीलने याच वाटेने जवळजवळ बिनराखेचा हायपर-कोल बनवला.

कामाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा मराठी शब्द खरं तर आळण, पातळ भाजीला बेसन लावलं की ती कशी मिळून येते तसं. पण तांत्रिक टिपणात तो चालायचा नाही, शिवाय आळण आळणच राहतं, हा बाइंडर मात्र भट्टीत शेवटी स्वतःच कोक होतो.

‘बंधक’ बरोबर आहे, फक्त एकटा वापरू नका, हिंदी बातम्या ऐकून ऐकून बंधक म्हटलं की ओलीस धरलेला माणूसच आठवतो. मी पहिल्यांदा ‘बंधकद्रव्य’ लिहीन आणि पुढे सरळ बाइंडर, आमोण्याच्या कोक भट्टीवर काम करणाऱ्यालाही तोच कळेल.

आणखी एक, ‘कोकचा कोळसा’ लिहू नका, जहाजातून येतो तो कोकिंग कोळसा आणि भट्टीतून निघतो तो कोक, दोन्ही वेगळे. आणि नुसतं ‘हलका कोळसा’ही नको, वजनाला हलका असं वाटतं, ‘हलक्या प्रतीचा’ असं पूर्ण लिहा.