छोटी सॉफ्टवेअर कंपनी मोठ्या कंपन्यांपुढे टिकते कशी?

फीचर्सच्या शर्यतीत नाहीच टिकत, तिथे माणसं आणि पैसा त्यांच्याकडे जास्त. टिकते ती धंद्यातल्या बारकाव्यांवर.

मासळीच्या घाऊक व्यापाराचं बघा. माल पेट्यांनी मोजतात, पण बिल वजनावर होतं आणि प्रत्येक पेटीचं वजन वेगळं. सर्वसाधारण स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा एका पेटीचं वजन एकदाच ठरवून टाकावं लागतं, मग गोदामातला माणूस शेजारी एक्सेल उघडून बसतो. ते एक्सेल म्हणजे तुमची संधी. (मागणीपत्रकात हे कोणी लिहून देत नाही बरं का, दोन दिवस त्याच्या शेजारी बसावं लागतं.)

वीवा ही कंपनी 2007 साली निघाली, तीही फक्त औषध कंपन्यांसाठी. अमेरिकेत डॉक्टरांना औषधाचे नमुने दिले की सहीनिशी नोंद ठेवावी लागते, असल्या गोष्टी त्यांनी आधीपासूनच सॉफ्टवेअरमध्ये बसवल्या. गंमत म्हणजे सुरुवातीचं उत्पादन सेल्सफोर्स या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्याच प्लॅटफॉर्मवर उभं होतं! 2013 मध्ये त्यांचे शेअर बाजारात आले.

एक धोका मात्र आहे. प्रत्येक ग्राहकाची खास मागणी पुरवत बसलात तर उत्पादन राहतं बाजूला आणि तुम्ही त्याचे कंत्राटदार होता. तीन-चार ग्राहक तेच रडगाणं गातील तेव्हाच कोडला हात लावा.