स्पीच टेक्नॉलॉजीत पीएचडी करायची आहे, पण एम.टेक. नाही आणि नोकरी चालू आहे. भारतात करावी की बाहेर? तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही ई अँड टीसीमधले बीई आहात आणि सध्या व्हॉइस बॉटवर काम करता असं लिहिलंय. तुमच्यासाठी देश कोणता हा दुय्यम प्रश्न आहे. एम.टेक. नसताना दार कुठे उघडतं, ते आधी पाहू.

बेंगळुरूच्या आयआयएस्सीत चार वर्षांची बीई आणि वैध गेट स्कोअर यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. तिथे स्पीचचं काम मुख्यतः इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागात, स्पायर आणि लीप या लॅबमध्ये चालतं. हैदराबादच्या ट्रिपलआयटीत गेटऐवजी त्यांची स्वतःची पीजीईई परीक्षा देऊन जाता येतं. मद्रास आयआयटीत आधी एम.एस. बाय रिसर्चला प्रवेश घेऊन, काम जमलं तर ते पीएचडीत बदलून घेता येतं. भारतीय भाषांसाठी खुले मॉडेल आणि डेटा देणारं एआयफोरभारतही तिथलंच. मुंबई आयआयटीत कॉम्प्युटर सायन्स विभागात प्रीती ज्योती यांनी मिश्र भाषेच्या रेकग्निशनवर, म्हणजे एकाच वाक्यात दोन भाषा आल्या तर काय करायचं यावर, बरंच काम केलंय. इलेक्ट्रिकल विभागात मुलांच्या मोठ्याने वाचनाचं मूल्यमापन मशिनने करण्यावर काम झालंय.

पैशाचं म्हणाल तर संशोधन करताना मिळणारी फेलोशिप जानेवारी २०२३पासून सुरुवातीला (जेआरएफ) महिना ₹३७,००० आणि दोन वर्षांनंतर (एसआरएफ) ₹४२,००० आहे. हॉस्टेल नसेल तर घरभाडं भत्ता वेगळा मिळतो. आयटीच्या पगाराची सवय असेल तर घरचा ईएमआय आधी फेडून टाका. अर्धवेळ पीएचडीचा पर्याय कागदावर चांगला दिसतो, पण तुमची कंपनी कामाचा डेटा आणि पेपर बाहेर न्यायला लेखी परवानगी देत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

युरोपात स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठाचं उदाहरण घ्या. गुन्नार फांट यांनी १९५१ मध्ये तिथे स्पीचची प्रयोगशाळा उभी केली आणि संवाद करणाऱ्या यंत्रांवर तिथे आजही जोमाने काम चालतं. फरहाट हा बोलका रोबोट तिथूनच निघाला. स्वीडनमध्ये पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी नोकर असतो आणि फी शून्य. अभ्यास चार वर्षांचा, शिकवण्याचं काम धरून पाच. जागा नोकरीसारख्या सुट्या सुट्या निघतात, ठरावीक हंगाम नसतो. मेख एवढीच की किमान २४० क्रेडिट लागतात आणि त्यांतले ६० मास्टर्स पातळीचे हवेत. नुसत्या बीईवर बहुधा अडकाल. ब्रिटनमध्ये संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या यूकेआरआय या संस्थेचा २०२५-२६चा किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता, पण परदेशी विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा. अमेरिकेत बीईवर थेट जाता येतं, अर्ज साधारण डिसेंबरात, आणि पाच-सहा वर्षं धरून चाला.

म्हणून माझं मत: आधी आयआयएस्सी किंवा ट्रिपलआयटी. बाहेरच जायचं असेल तर मधे दोन वर्षं एम.एस. बाय रिसर्चची.

आता तयारी. पन्नास प्रोफेसरांना एकच मेल पाठवणारे खूप असतात आणि ते मेल न वाचताच जातात. त्यापेक्षा एक छोटा प्रयोग नीट मोजून करा. कॉमन व्हॉइस या खुल्या आवाज-संग्रहाचा मराठी टेस्ट संच घ्या, त्यावर व्हिस्परचं (बोलणं लिहून काढणारं ओपनएआयचं खुलं मॉडेल) स्मॉल मॉडेल आणि एआयफोरभारतचं एखादं मराठी मॉडेल चालवा. व्हिस्पर स्मॉल २४.४ कोटी पॅरामीटरचं आहे, गुगल कोलॅबच्या फुकट जीपीयूवर आरामात चालतं. मग वर्ड एरर रेट, म्हणजे शंभर शब्दांमागे किती चुका, तो काढा.

आणि बहुतेकजण इथेच फसतात. व्हिस्परसोबत येणारा साधा नॉर्मलायझर (चुका मोजण्याआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) विरामचिन्हांबरोबर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हेही चिन्हच समजून काढतो आणि त्या जागी स्पेस टाकतो. 'मराठी'चं 'मर ठ' होतं. माठ, मीठ आणि मोठ हे तिन्ही शब्द 'म ठ' होऊन बसतात, म्हणजे मॉडेलने मिठाच्या जागी माठ लिहिला तरी चूक शून्य. आकडा छान दिसतो, पण तो खोटा असतो. त्या नॉर्मलायझरला हात न लावता मराठीसाठी स्वतःचा लिहा: विरामचिन्हं काढा, 'ॲ' आणि 'ऍ' एक करा, 'ऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो तो एकाच रूपात आणा, '२५०' आणि 'अडीचशे' यांचं काय करायचं ते ठरवून लिहून ठेवा. 'करायचं' आणि 'करायचे' ही चूक मोजायची की नाही, हाही निर्णय तुमचाच. दोन्ही आकडे द्या. शेवटी चुकलेली २०० वाक्यं कानाने ऐकून वर्ग पाडा: बोली, इंग्रजी शब्द, गोंगाट, मूळ लिखाणातच चूक. स्वतः रेकॉर्डिंग केलंत तर ट्रेनिंगमधला बोलणारा टेस्टमध्ये येऊ देऊ नका, नाहीतर मॉडेल आवाज ओळखतं आणि तुम्हाला वाटतं भाषा शिकलं.

संवादाच्या बाजूला जायचं असेल तर 'पाळी', म्हणजे बोलण्याची वेळ कोणाची (टर्न-टेकिंग), हा विषय सोन्यासारखा आहे. माणसं एकमेकांना उत्तर देताना मधे साधारण २०० मिलिसेकंद थांबतात. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात भाषाभाषांतला फरक फार निघाला नाही. तुमचा बॉट मात्र शांतता मोजत बसतो. 'अठ्ठ्याण्णव... बावीस...' असा फोन नंबर सांगताना माणूस श्वास घेतो आणि बॉट मधेच 'नंबर चुकीचा आहे' म्हणतो. वेळ वाढवली की बॉट मठ्ठ वाटतो. केटीएचच्या गॅब्रिएल स्कान्त्से यांच्या गटाने यावर वेगळी वाट काढली: शांततेची वाट न बघता पुढच्या दोन सेकंदांत कोण बोलेल याचा सतत अंदाज बांधायचा. त्याला दोन माणसं वेगवेगळ्या चॅनेलवर रेकॉर्ड केलेलं मोकळं संभाषण लागतं आणि मराठीत असं फार कमी मिळतं. 'हं', 'बरं', 'हो ना' हे होकार आहेत की बोलायची तयारी, हे कोणी तरी मोजायला हवं. मराठी येणाऱ्या विद्यार्थ्याचा इथे खरा फायदा आहे.

मुलाखतीत ट्रान्सफॉर्मरसारख्या नव्या मॉडेलपेक्षा लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) जास्त विचारतात. आवाज तपासायचा तुकडा, म्हणजे विंडो, २५ मिलिसेकंदांची आणि सरकवायची १०ने, असं का? ८ किलोहर्ट्झवर सॅम्पल केलेल्या फोनच्या आवाजात 'स' का हरवतो? (त्याची बरीचशी ऊर्जा ४ किलोहर्ट्झच्या वर असते आणि ती फोनवर येतच नाही.) पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मेल दीडशे शब्दांत संपवा: त्यांच्या एका पेपरमधली नेमकी जागा, तुमचा प्रयोग, कोडची लिंक, एक प्रश्न. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा. आणि हो म्हणण्याआधी त्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा की जीपीयू किती जणांत वाटून घेता, इंटरस्पीच किंवा आयकॅस्प या परिषदांना जायचा खर्च कोण करतं, आणि याआधीचे दोघं-तिघं किती वर्षांत बाहेर पडले.