‘ब्लाइंड अर्ल’ बशी खरंच आंधळ्या सरदारासाठी घडवली होती का?

इंग्लंडमधल्या वूस्टरच्या कारखान्यातल्या या पोर्सिलेनच्या (चिनी मातीच्या) बशीवर गुलाबाची पानं आणि कळ्या उठावात आहेत, त्या एका आंधळ्या सरदाराला बोटांनी चाचपता याव्यात म्हणून केल्या का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. गोष्ट गोड आहे, पण सालं जुळत नाहीत. ज्याच्या नावावर ती सांगतात तो कॉव्हेंट्री घराण्यातला मुलगा जन्मला 1758 साली. 1780 मध्ये शिकारीत अपघात होऊन त्याची दृष्टी गेली आणि अर्ल (हा इंग्लिश सरदारांचा किताब) तर तो 1809 मध्ये झाला. अशा बशा वूस्टरमध्ये त्याच्या लहानपणीच बनत होत्या, लंडनच्या चेल्सी कारखान्यात तर 1755च्या सुमारासच. नाव मागाहून चिकटलं. घराण्याचा वाडा, क्रूम कोर्ट, वूस्टरच्या जवळच. त्यामुळे गोष्ट रुजायला अडचण नव्हती.

मग उठाव कशाला? तेव्हा ती फॅशनच होती. चेल्सी कारखाना चालवणारा निकोलस स्प्रिमाँ मुळातला चांदीचा कारागीर, त्यामुळे उठावकाम त्याच्या हातातलंच. त्याच्या कारखान्यात फ्लॉवरच्या गड्ड्याच्या आणि शतावरीच्या जुडीच्या आकाराची झाकणाची भांडी निघाली. स्टॅफर्डशायरच्या लाँग्टन हॉल कारखान्यात स्ट्रॉबेरीच्या पानांच्या काठाच्या बशा झाल्या. आपण पानावर जेवायचो, यांनी पानाचीच बशी केली!

दुसरं कारण मला जास्त आवडतं. तेव्हाच्या बहुतेक इंग्लिश पोर्सिलेनमध्ये चिनी पोर्सिलेनसारखं केओलिन, म्हणजे पांढरी चिकणमाती, नसायचं. अशी भांडी भट्टीत वाकायची, डाग पडायचे. सपाट पांढऱ्या बशीत खोट लगेच दिसते, शिरांच्या पानात खपून जाते. मधल्या मोकळ्या जागेत फुलपाखरं नि भुंगे विखुरलेले दिसतात ना? चेल्सीचे चित्रकार डागावर नेमका असा किडा काढून ठेवायचे, असं जाणकार सांगतात.

माझ्याकडे या बशीची विसाव्या शतकातली नक्कल आहे. देठ वळवून त्याचीच मूठ केलीय, अंगठा बरोबर पानाच्या मधल्या शिरेवर येतो. दिवाळीत एकदा तिच्यात गुलाबजाम ठेवले. पाक एकेका शिरेत जाऊन बसला, तो जुन्या टूथब्रशने काढला. आता फक्त शंकरपाळे.