सई हे नाव पुढं जुनं वाटेल का?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलंय. मुलगी झालीय, रास कुंभ, अक्षर ग नाहीतर स, दोघा नवराबायकोला सई आवडलंय पण घरात तीन मतं पडलीत. आजेसासूबाई म्हणतात हे काय नाव, नुसती हाक मारल्यासारखं वाटतंय. जाऊबाई म्हणतात आता गल्लोगल्ली सई झाल्यात, दहा वर्षांनी शिळं होईल. सासरे म्हणतात साईबाबांचंच नाव की, मग चांगलंय. बारसं रविवारी.

ताई, सासऱ्यांचं आधी मिटवून टाकू. साई आणि सई हे दोन वेगळे शब्द आहेत, नातं काही नाही. साई आला स्वामीवरनं. सई आली सखीवरनं, संस्कृतात सखी, प्राकृतात सही, मराठीत सई. प्राकृतात ख, घ, ध, भ असले हवा सोडणारे वर्ण शब्दाच्या मधे आले की त्यांचा नुसता ह उरायचा, म्हणून दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला. सहीमधला तो ह पण पुढं मराठीत गळाला आणि सई राहिली. (कागदावर करतो ती सही अरबीतनं आलीय, तिचा ह्याच्याशी संबंध नाही, हे पण एकदा कुणीतरी मला ठासून सांगितलं होतं की सई म्हंजे सिग्नेचर!)

आता आजेसासूबाईंचं. त्यांचं म्हणणं चूक नाहीच, उलट घरात सगळ्यात बरोबर त्याच आहेत. सई ही हाकच आहे. जात्यावर बसलेली बाई शेजारणीला सये म्हणायची, चारचौघी असल्या की सया, सयांनो. म्हंजे हा शब्द नाव व्हायच्या आधी बायकांच्या बोलण्यात, गाण्यात वापरून वापरून गुळगुळीत झालेला आहे, कुणी मोबाईलवर यादी बघून जुळवलेला नाही. त्यांना एवढंच सांगा की आजी तुम्ही ओळखलंत, ते हाकेचंच नाव आहे.

खरा प्रश्न जाऊबाईंचा. नाव जुनं होतं म्हंजे नक्की काय जुनं होतं? मला वाटतं बहुतेक वेळा अख्खं नाव नाही, नावाचं शेपूट जुनं होतं. लीलावती, कलावती, पद्मावती ह्यातलं वती एकदम आजीच्या काळात नेऊन ठेवतं. मी साताऱ्यात शाळेत होतो तेव्हा वर्गात तीन सुनीता, दोन संगीता आणि एक अनिता, बाई हजेरीला आडनावावरच यायच्या. त्याच्या पुढं मागं ली आलं, वैशाली, रूपाली, सोनाली, दीपाली. मग ल, शीतल, स्नेहल, कोमल, मीनल. मग ऋतुजा आणि तनुजा, आणि आमच्याकडं ऋ कुणाच्या तोंडात बसत नाही त्यामुळं ती दारात उभ्या असलेल्या आजीसाठी रुतेच. नाव न सांगता नुसतं शेपूट सांगितलं तरी बाईचं वय पाचेक वर्षाच्या फरकानं सांगता येतं मला, पैज लावा. आता चाललंय न्वी आणि न्या, अन्वी, शान्वी, शिवन्या, अनन्या. यातली काही चांगली जुनी संस्कृत आहेत, काही मात्र अशी की अर्थ विचारला की आईबाप आधी मोबाईल काढतात. तुमच्या जाऊबाईंची भीती खरी ठरणार असली तर तिथं ठरेल असं मला वाटतं.

सईचं शेपूट कुठलं? ई. आई, ताई, बाई, जाई, जुई ह्यांच्यातलं. हे शेपूट फॅशननं आलेलं नाही त्यामुळं फॅशननं जाईल असं दिसत नाही.

आणि दुसरी गोष्ट, सई एकदा जुनी होऊन परत आलेली आहे. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणी सईबाई, फलटणच्या निंबाळकरांची लेक, म्हंजे आमच्या सातारा जिल्ह्यातली. लग्न 1640 ला, गेल्या 1659 ला. आता महाराजांच्या आठही राण्यांची नावं घ्या आणि मागचं बाई काढून बघा. सोयरा म्हटलं की व्याही आठवतो, पुतळा म्हटलं की चौक (खरं तर पुतळ्यांची माळ आठवायला हवी पण आता कोण घालतंय), सकवार आणि गुणवंता कुणी ठेवत नाही, सगुणा म्हटली की नऊवारी. काशी थोडीफार तग धरून आहे, लक्ष्मी आहेच, ती कुठं जाणार. पण बाई काढल्यावर तरणं होऊन उभं राहिलं ते एकटं सई. माझ्या आईच्या पिढीत मला एकही सई माहीत नाही, आजीच्या गावात एक सईबाई होत्या म्हणे, आणि आता तुमच्या जाऊबाई म्हणतात तशा गल्लोगल्ली.

गल्लोगल्ली का, तर त्याला तुमची सांगलीच कारण आहे की हो, सई ताम्हणकर तुमच्याच गावची! नटीच्या नावाचा शिक्का बसतो हे मान्य. 1994 ला ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली आणि पुढं ऐश्वर्या नावाच्या पोरींची लाट आली, तसा सईवर पण ह्या वीसेक वर्षांचा थोडा शिक्का राहणारच, नाही म्हणत नाही. पन्नाशीत तिला बघून लोक अंदाज करतील. पण हसणार नाहीत.

शेपटांची चेष्टा केली खरी, पण साताऱ्याचा माणूस पोरींच्या नावांवर बोलायला बसला की नकुसावर आल्याशिवाय राहत नाही. नको अशी म्हणून नकोशी, तीच नकुसा. लागोपाठ मुली झाल्या की ठेवायचे. 2011 च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा 285 मुलींची नावं एकाच कार्यक्रमात बदलली, त्यात कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. वैशाली! जिला मी वर दोन मिनिटांपूर्वी जुन्यात काढली तीच. वैशाली हे मुळात गावाचं नाव, लिच्छवींची राजधानी, पण त्या पोरीला त्याच्याशी काय करायचंय, तिला ते चांगलं वाटलं. तेव्हापासनं कुणाच्या नावाला आऊटडेटेड म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

असो. माझं मत ठेवाच. एक प्रयोग मात्र बारशाच्या आधी करा, आजेसासूबाईंना उंबऱ्यात उभं करा आणि रस्त्यावरच्या पोरीला बोलवल्यासारखी हाक मारायला लावा. आपल्याकडं कुठलंही नाव हाकेत मोडतंच, वैशे, रूपे, पुजे, अश्विने. सईची सये होते, म्हंजे मोडून पण ती मूळ शब्दावरच जाते, एवढं नशीब फार कमी नावांना असतं.

आणि इंग्लिश स्पेलिंग आत्ताच ठरवा, जन्माच्या दाखल्यावर जाईल तेच आधारवर जातं. एस ए डबल ई करा. माझ्या भाचीनं लेकीचं एस ए आय लिहिलं, बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाई मुलग्यांच्या रांगेकडं बघून साई कुठाय, उठ रे बाळा म्हणत होत्या आणि ही आपली दोन वेण्या घालून पुढच्याच बाकावर गप बसलेली.