‘आतु’ म्हणजे होय की झालं?

बेळगावातल्या तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारी बरीच माणसं एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "कामं मोठी नाहीत हो मॅडम, बारकी बारकीच आहेत. पण एक धरायला जावं तर दुसरं सुटतंय. मला प्लॅनिंगच येत न्हाई का?"

फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे भाग करणारे कारखाने, सगळी दाटीवाटीनं वसलेली वसाहत. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीचं वेळापत्रक तिथं भिंतीवर लावलेलं असतं. पण कंप्रेसरची लाइन फिरवायची, जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे, स्टोअर हलवायचं, असली कामं कुठल्याच कागदावर नसतात. ती कुणाच्या तरी डोक्यावर असतात, आणि ते डोकं सहसा सुपरवायझरचं.

असाच एकजण मागे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवलेत.) वय चाळिशीच्या पुढं, वडगावचा, विणकराच्या घरातला. बायकोनं पाठवलं होतं, कारण रात्री दोनला उठून हा मोबाइलवर वेल्डरला मेसेज टाकायचा. "डोकं फिरूलालंय बघा," एवढंच बोलून त्यानं शर्टाचा खिसा माझ्या टेबलावर रिकामा केला. सतरा चिठ्ठ्या. बिलांच्या पाठी, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, एक तर चक्क एसटीचं तिकीट. त्यात एकीवर नुसतं ‘स्टोअर’ लिहिलेलं. घडीवर फाटत आलेली, घामानं शाई पसरलेली. पाच महिने ती रोज एका शर्टातून दुसऱ्या शर्टात जात होती.

इथं मी चूक केली. एक चांगली डायरी घ्या, तासवार कामं लिहा, असा शहाणा सल्ला दिला. दोन आठवड्यांनी डायरी आली. पहिली तीन पानं मोत्यासारख्या अक्षरात, चौथ्या पानावर त्याच्या लेकीनं काढलेली रांगोळी, पुढं कोरं. आता कामं तर राहिलीच होती, वर डायरीही राहिली, म्हणून तो आणखी खाली मान घालून बसला. बुडणाऱ्याच्या हातात मी आणखी एक घागर दिली होती.

मग ती ‘स्टोअर’ चिठ्ठीच मधे ठेवली आणि विचारलं, "अडलंय कुठं?"

"रॅक न्हाईत."

"रॅक कोण करणार?"

"वेल्डर. पण त्याला लोखंडी अँगल पायजे. अँगल परचेसवाला आणणार, त्याला माप पायजे."

"माप कुणाकडे?"

बराच वेळ तो गप्प बसला. मग हसला. "माझ्याकडंच की."

पाच महिने अडलेलं काम मेजर टेप घेऊन दहा मिनिटांत सुटणारं होतं. चिठ्ठीवर ‘स्टोअर’ लिहिलेलं असल्यामुळं खिशात हात घातला की अख्खं स्टोअर अंगावर यायचं. ‘मागच्या शेडची लांबी मोजणे’ असं लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी बाहेर आली, आणि ती आपल्या भागाचीच आहे. इलेक्ट्रिशियन कन्नड बोलणारा. "त्या शेडात पॉइंट दे," म्हटल्यावर तो ‘आतरी’ म्हणाला. यानं ते काम झालं म्हणून सोडून दिलं. महिन्यानं बघतो तर बोर्डच नाही. आपल्याकडच्या कन्नडात ‘आतु’ म्हणजे झालंही आणि बरं, ठीक आहे असंही. पुढं आदरानं ‘री’ लागतं इतकंच. इलेक्ट्रिशियननं होकार दिला होता, यानं ती काम झाल्याची पावती मानली. आम्ही मराठीवालेही काही कमी नाही. आमचं ‘होय की, करू की’ तर त्याहून निसरडं. म्हणून काम देतानाच ‘झालं’ म्हणजे डोळ्यांना काय दिसलं पाहिजे, ते बोलून घ्यायचं ठरलं. पॉइंट झाला म्हणजे तिथं दिवा लावून दाखवायचा.

पुढचा उपाय मात्र त्याचाच. मी विचारलं होतं, वडील घरी एवढी कामं कशी सांभाळायचे? "दोन माग होते आमचे," तो म्हणाला. "मागावर एक बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) असताना दुसरा चढतोय व्हय? उतरल्याशिवाय चढवता येत न्हाई." बोलता बोलता तो स्वतःच थांबला.

त्यानं केबिनमधल्या पत्र्याच्या कपाटाच्या दारावर खडूनं दोन रेघा मारल्या. जुन्या स्पीकरचे मॅग्नेट काढून चिठ्ठ्या लावल्या. डावीकडं ‘माझ्या हातात’, मधे ‘दुसऱ्याच्या हातात’, उजवीकडं ‘झालं’. डावीकडं दोनच चिठ्ठ्या, घरच्या मागांइतक्या. मधल्या चिठ्ठीवर माणसाचं नाव आणि पुन्हा विचारायचा वार. बाकीच्या सगळ्या कपाटाच्या आत, दार बंद. टोयोटाच्या कारखान्यात जपान्यांनी चिठ्ठ्यांचीच पद्धत बसवली, तिला कानबान म्हणतात, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं त्याचं ट्रेनिंग शोधलं असतं.

यंत्र उचलायचं असेल, क्रेन येणार असेल, तर असल्या दोन रेघांवर भागत नाही. तिथं नीट कागद करावाच लागतो. मी बोलतेय ती खिशातली कामं.

झोपेसाठी वेगळी गोळी सुचवली नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी 57 तरुणांवर प्रयोग केला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढची करायची. पुढची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. नऊ मिनिटं म्हणजे काही फार नव्हे, पण रात्री दोनला वेल्डरला उठवणाऱ्या माणसाला तेवढा आधारही पुरतो. तो आता घरी निघताना कपाटापाशी उभा राहून उद्याच्या दोन चिठ्ठ्या लावतो आणि मग गाडीला किक मारतो. मेसेज बंद झालेत, असं त्याची बायको सांगते.

सगळं जुळलं असं नाही. मालक अजूनही जाता जाता खांद्यावर हात ठेवून तिसरं काम सांगतो, आणि याला नाही म्हणवत नाही. एकदा मात्र त्यानं मालकांना कपाटापर्यंत नेलं. "साहेब, यातली कुठली उतरवू?" मालकांनी दोन मिनिटं चिठ्ठ्या वाचल्या आणि "राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून निघून गेले. चिडले की काय, ते याला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या भेटीत बोलणं चालू असताना फोन वाजला. पलीकडं तोच इलेक्ट्रिशियन. यानं ऐकून घेतलं, माझ्याकडं बघून डोळा बारीक केला आणि फोनवर विचारलं, "आतु अंद्र येनु? लाइट हत्तत्येनु?" म्हणजे, ‘आतु’ म्हणजे काय? लाइट लागतोय काय?