घरी कोरकू, शाळेत मराठी : पोरं मागं पडतील का?

प्रश्न : मी मेळघाटात झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. पालकच म्हणतात, मॅडम कोरकू नको, मराठीच बोला, नाहीतर पोरं मागं पडतील. पण मुलं वर्गात गप्प असतात, बोलली की लिंग-वचन चुकतं. काय करू?

उत्तर : मॅडम, पालकांचं चुकत नाही, दवाखाना, तहसील, नोकरी सगळं मराठीत चालतं, त्यामुळे मराठी यायलाच हवी. पण त्यासाठी कोरकू बंद करू नका, उलट सुरुवात तिच्यातूनच करा. कोरकूला मराठीची बोली समजतात ते साफ चूक आहे, ती मुंडा भाषाकुळातली, संथाली-मुंडारी या भाषांची बहीण (गोंडी तर द्राविडी, तेलुगूच्या नात्यातली). कोरकूत नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागतात, मराठीसारखी तीन लिंगं नाहीत, आणि दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे जे मराठीत नाहीच. मग खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' हे सहा वर्षांच्या पोराने कुठून ओळखायचं? ते पोर ढ नाहीये हो, पूर्ण वेगळ्या व्याकरणातून आपल्याकडे येतंय, त्याला वेळ द्या.

गोष्ट आधी कोरकूत सांगू द्या, गावातल्या एखाद्या आजीला वर्गात बोलवा, मुलांनी सांगितलेले शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा आणि शेजारी मराठी शब्द लिहा. अक्षरं जोडून वाचायचं कसं हे ओळखीच्या भाषेत एकदा जमलं की मराठीसाठी ते पहिल्यापासून शिकावं लागत नाही, पालकांनाही हेच सांगा. कुणी अडवलं तर घटनेचं कलम ३५०-क दाखवा, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा असं ते राज्यांना सांगतं. ओडिशात संथाली, सौरा, कुई अशा भाषांतून सरकारी शाळांत सुरुवातीचे वर्ग चालवलेत.

प्रश्न : स्वतःची लिपी नाही, बोलणारे थोडे, अशा भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, कशा येणार?

उत्तर : लिपीची अट कुठेच नाही. आसामातली बोडो भाषा २००३ च्या घटनादुरुस्तीने संथालीबरोबर अनुसूचीत आली, आणि ती देवनागरीतच लिहितात. आकड्यांचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत बोडो बोलणारे १५ लाखांच्या आत, गोंडी बोलणारे २९ लाखांवर, भिली-भिलोडी १ कोटीच्या पुढे, तरी या दोन्ही बाहेरच. बोडोसाठी लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं म्हणून ती आत आली. तेव्हा भिली-गोंडी का नाही, हे तुमच्या खासदाराला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत परत परत विचारा.